फ्लास्ककडे बघ, तोंडाकडे नको

प्रिय मित्रा,

किती दिवसांत पत्र नाही याचा हिशोब तू मांडून ठेवला असशीलच, म्हणून मी मांडत नाही. तब्येत बरी आहे. रक्तदाबाची गोळी चालू, बाकी ठीक. आता मुद्द्याचं लिहितो. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर "एवढं काय त्यात?" म्हणतील. तू म्हणणार नाहीस.

माझ्या प्रॅक्टिकलच्या बॅचमध्ये एक मुलगा आहे. थिअरी पक्की, हात स्थिर. आपल्या लॅबवाल्या मामांनी बघितला असता तर त्याला स्वतःची ब्युरेट दिली असती. परवा मिथिल ऑरेंज हा रंग बदलणारा इंडिकेटर घालून टायट्रेशन चाललं होतं. तेच आपलं जुनं: ब्युरेटच्या खुणांच्या नळीतून अल्कली थेंबाथेंबाने आम्लात सोडायची आणि रंग बदलला की थांबायचं. मी मागे उभा होतो. डावा हात ब्युरेटच्या चावीवर, उजव्या हाताने फ्लास्क फिरवतोय, आणि नजर शेजारच्या मुलीच्या चेहऱ्यावर. तिने भुवया जराशा उचलल्या आणि याने चावी बंद केली. रीडिंग बिनचूक.

पुढचं तुला सांगायला नको. रंगांधळेपणा, तुझ्यासारखाच. तूही असाच खुणेसाठी माझ्या तोंडाकडे बघायचास आणि सर ओरडायचे, "फ्लास्ककडे बघ, त्याच्या तोंडाकडे नको!" आणि अख्खा वर्ग हसायचा. एक दिवस तू मला बजावलंस, "आता काही सांगायचं नाही, चुकायचं तर माझं मी चुकेन." तरी मी टेबलाखालून पाय लावलाच, आणि तू बाटली आपटून बाहेर गेलास. परीक्षेच्या दिवशी तू ऐकायला हवं होतंस, हे माझं मत अजून कायम आहे. तुझं तुझ्यापाशी. पण तेव्हापासून एक प्रश्न माझ्या डोक्यात आहे आणि त्या पोराने तो पुन्हा वर काढला: आपण नक्की तपासत काय होतो?

कारण एंड पॉइंट, जिथे थांबायचं ती जागा, म्हणजे रंग नव्हे रे. 25 मिली 0.1 मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये तेवढ्याच तीव्रतेचं सोडियम हायड्रॉक्साइड सोडत गेलं, की 25 मिलीला एक थेंब कमी असताना पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, साधारण 4 असतो आणि एक थेंब जास्त झाला की साधारण 10. मधे एवढी उडी. ही उडी का येते, ती ओळखायला कोणता इंडिकेटर चालेल आणि कोणता नाही, ही केमिस्ट्री. लाल आणि पिवळ्यातला फरक दिसणं ही फक्त खूण आहे, आणि खुणा बदलता येतात.

मी ते तक्ते काढून बसलो. मिथिल ऑरेंज पीएच 3.1 ते 4.4 मध्ये लालाचं पिवळं होतं. ब्रोमोफिनॉल ब्लू 3.0 ते 4.6, आणि तिथे पिवळ्याचं निळं-जांभळं होतं! जवळजवळ तीच पट्टी. फिनॉल्फ्थॅलिन साधारण 8.2 ते 10, रंगहीनाचं गुलाबी. ते फिकं गुलाबी म्हणजे तुझा जुना शत्रू. त्याच्या जागी थायमॉल ब्लू, 8.0 ते 9.6, पिवळ्याचं निळं. तीव्र आम्ल आणि तीव्र अल्कली असेल तर मधला ब्रोमोथायमॉल ब्लूही चालतो, 6.0 ते 7.6, पुन्हा पिवळं ते निळं. लाल-हिरव्यात गोंधळणाऱ्या डोळ्याला पिवळं-निळं बहुधा स्वच्छ दिसतं. यातलं काही नवीन नाही, कुठल्याही लॅबच्या यादीत मिळेल. आपल्या वेळीही कपाटात असणारच. कुणी खाली काढलं नाही, एवढंच.

हे घेऊन मी विभागाच्या बैठकीत गेलो. एक सहकारी, माणूस चांगला, शिकवतोही मनापासून, म्हणाला, "रंग ओळखता येणं हेच तर प्रॅक्टिकल. दिसत नसेल तर जोडीदाराने सांगावं, आपण डोळेझाक करू." मला खरंच राग आला. ज्याने या विषयाला अणू दिला त्या डाल्टनलाच हे दिसत नव्हतं! 1794 मध्ये त्याने स्वतःच्या नजरेबद्दल निबंध वाचला, त्याच्या लक्षात आलं ते जिरेनियमच्या फुलामुळे: दिवसा निळं वाटणारं फूल मेणबत्तीच्या उजेडात लाल दिसलं. डोळ्यातला द्रव निळसर असेल असा त्याचा तर्क होता, आणि मेल्यावर डोळा तपासा असं त्याने सांगून ठेवलं होतं. 1844 मध्ये तो गेला, डोळा तपासला, द्रव स्वच्छ निघाला. जपून ठेवलेल्या त्या डोळ्यातला डीएनए 1995 मध्ये तपासला तेव्हा कळलं की हिरवा ओळखणारं रंगद्रव्यच त्याच्याकडे नव्हतं. तर्क चुकला, पण माणूस स्वतःच्या डोळ्यालाही प्रयोग मानत होता. त्याला आपण प्रॅक्टिकलमध्ये जोडीदाराच्या भुवया बघायला लावल्या असत्या का?

दुसऱ्याने विचारलं, "उद्या पूर्ण अंध विद्यार्थी आला तर?" तर येऊ दे. बोलणारे पीएच मीटर आहेत, बोलणारे तराजू आहेत. किती द्रावण गेलं हे ब्युरेटवर न वाचता वजनावरून काढता येतं. दांड्याला खाचा पाडलेल्या सिरिंजने आकारमान बोटांना कळतं. व्हॅनिलाचा वास अल्कलीत जातो, म्हणजे एंड पॉइंट नाकालाही सापडतो. आणि कंडक्टन्स, म्हणजे द्रावणातून वीज किती वाहते ते मोजणं, तर आपल्या सगळ्यांसाठीच जास्त शिकवणारा: चपळ हायड्रोजन आयनच्या जागी मंद सोडियम येतो म्हणून वाहकता उतरते, मग हायड्रॉक्साइड उरायला लागला की चढते, आलेखात व्ही उमटतो. तो व्ही चिकटवलेल्या दोऱ्याने कागदावर उठवला तर बोटांनी वाचता येतो. मी म्हटलं, ज्या पोरांना सगळे रंग दिसतात त्यांनाही फ्लास्कमध्ये काय चाललंय हे याच रीतीने जास्त कळेल. कारण त्यांना आज फक्त "गुलाबी झालं, थांबा" एवढंच येतं.

बैठक चहावर संपली. निर्णय पुढच्या वेळी.

आता खरी काळजी, ज्यासाठी हे पत्र. त्या मुलाशी मी काही बोललेलो नाही. त्याने कुणालाच सांगितलेलं दिसत नाही. विभाग म्हणतो, अर्ज करू दे, प्रमाणपत्र आणू दे, मग सवलत बघू. म्हणजे आधी त्याने चारचौघांत हात वर करायचा. तू केला असतास? लाल पेनाला काळं समजून जर्नलची पानंच्या पानं लिहून आणलीस, सरांना वाटलं तू स्वतःच स्वतःचं तपासून आणलंस, तरी तू "काळं संपलं होतं" म्हणून ठोकून दिलंस! (ते जर्नल ठेवलंस का? माझा हट्ट आहे, ठेव.) युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण 12 मागे एकाला हे असतं, इतरत्र थोडं कमी. म्हणजे माझ्या बहुतेक प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी असणार, आणि कुणीच बोलणार नाही.

म्हणून माझं म्हणणं एकच आहे: इंडिकेटरच्या बाटल्या सगळ्या वर्गासाठी बदलायच्या. कुणी कुणाला काही सांगायचं कारणच उरू नये. फ्लेम टेस्टला, म्हणजे ज्योतीच्या रंगावरून धातू ओळखताना, उजेड रेषांत फोडून दाखवणाऱ्या साध्या स्पेक्ट्रोस्कोपने पट्टीवर रेषेची जागा वाचायची, सोडियमची 589 नॅनोमीटरला, मग पिवळी म्हणा नाहीतर काही म्हणा. फळ्यावर "लाल रेषा बघा" म्हणणं मी बंद केलंय, प्रत्येक रेषेला नाव लिहितो, एक तुटक काढतो. यात कोणाचा दर्जा खाली येतो ते मला कुणी दाखवून द्यावं.

पण परीक्षेचं काय? प्रश्नपत्रिकेत मिथिल ऑरेंज छापून येतं, परीक्षक बाहेरचा येतो. मी वर्षभर सगळं पिवळं-निळं करून ठेवलं आणि त्या दिवशी त्याच्यासमोर लाल बाटली आली तर? म्हणजे त्याला आधीच सांगायला हवं, की बाबा, तुझं हे असं आहे, इंडिकेटर बदलून मागायचा तुला हक्क आहे आणि तो कसा निवडायचा हे तुला येतं. पण त्याला स्वतःला माहीत नसेल तर? किंवा माहीत असून त्याने दडवलं असेल आणि माझ्या बोलण्याने तो तुझ्यासारखा दार आपटून दुसऱ्या विषयाकडे गेला तर? तू संख्याशास्त्रात नाव काढलंस, आम्हाला अभिमान आहे. पण मला अजून वाटतं की केमिस्ट्रीने एक चांगला माणूस गमावला, आणि तोही एका बाटलीपायी.

तर विचारतो, सरळ उत्तर दे. तेव्हा एखाद्या शिक्षकाने तुला एकट्याला बाजूला घेऊन सांगितलं असतं तर तुला हवं होतं का? की मुकाट्याने बाटली बदललेली बरी वाटली असती? आणि बैठकीत वाचायला चार ओळी लिहून देशील का? नाव घालणार नाही.

वहिनींची बदली रद्द झाली का? धाकटीचा निकाल लागला असेल, कळव. ताईला नमस्कार सांग, तिच्या पत्राचं उत्तर मी देणार आहे हेही सांग. घराचं काम संपलं की येतोच.

तुझाच,
जोडीदार

ता. क. थायमॉल ब्लू मी काल करून बघितलं. एक भानगड आहे: फार आम्लात ते आधी लाल असतं, 2.8 च्या आसपास पिवळं होतं, आणि निळं बरंच पुढे. घाईची पोरं पहिल्याच बदलाला चावी बंद करतील. तुला तो पहिला बदल दिसणारच नाही, तू सगळ्यांच्या आधी बरोबर उत्तर काढशील! सुट्टीत आलास की करून दाखव.