शनिवारी नोजकोनचं लेअप : सगळ्यांनी वाचा

मंडळी, नोजकोनचं (पुढच्या निमुळत्या भागाचं) कार्बन लेअप, म्हणजे साच्यावर कार्बनच्या कापडाचे थर रेझिनसह रचणं, शनिवारी सकाळी ९ वाजता, वर्कशॉपच्या मागच्या खोलीत. कॉम्पोझिट्सवाले सगळे हवेत. एअरो टीममधून दोघं आले तरी पुरे.

शुक्रवारी संध्याकाळीच उरकायचं :
– मोल्डवर (साच्यावर) रिकामी व्हॅक्यूम बॅग लावून, आतली हवा काढायला पंप चालवा. पंप बंद केल्यावर गेज उतरला, तर गळती शोधा.
– मग वॅक्सचे हात. प्रत्येक हात सुकल्यावरच पुसायचा. शेवटी पीव्हीए (पार्ट मोल्डला चिकटू नये म्हणून लावायचा पातळ थर).
– कार्बन, पील प्लाय (नंतर सोलून काढायचं कापड), ब्रीदर (बॅगेतली हवा वाहू देणारं कापड) कापून, नंबर टाकून ठेवा. रेझिन कालवल्यावर कात्री शोधत बसता येत नाही.

इपॉक्सी (रेझिन) आणि हार्डनर वजनकाट्यावरच मोजा, प्रमाण डब्यावर आहे तेच. लवकर सुकावं म्हणून हार्डनर वाढवणाऱ्या हुशारांना आधीच सांगतो : पार्ट कडक होत नाही, उलट मऊ राहतो. आणि एका वेळी थोडंच कालवा. मगात जास्त साठलं की तापतं, धूर सुटतो.

नायट्राइल ग्लोव्हज, गॉगल, पूर्ण बाह्यांचा शर्ट सक्तीचे. हाताला रेझिन लागलं तर अ‍ॅसिटोन नको, साबण-पाणी.

पंप रात्रभर चालणार आहे. कोण थांबतंय ते आजच कळवा.