मीनू, नागपूरहून ‘डायरेक्ट’ असं काही नाहीच

पुणे,
१४ नोव्हेंबर २०२५

प्रिय मीनू,

अगं, तुझा रात्रीचा लांबलचक व्हॉइस मेसेज सकाळी डबे भरता भरता ऐकला. मधेच काकूंचा आवाज आला, “प्राचीला विचार, ती जाऊन आलीये.” आता काकूंनीच नाव घेतलंय म्हटल्यावर नीट बसून लिहितेय. फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि शिरीष मागून तिकिटांचे आकडे ओरडत असतो.

तर मे महिना, स्वित्झर्लंड, सहा माणसं, त्यात काका-काकू आणि छोटा कबीर. आणि घरात दोन पक्ष पडलेत. शिरीष म्हणतो, पैसे गेले तरी चालतील, पण मुंबईहून झुरिकला थेट जायचं, म्हाताऱ्या माणसांना मधे उतरवायचं नाही. तू म्हणतेस नागपूरहून कतारच्या दोहामार्गे जाऊ. एरवी मी थेट विमानवाली आहे हे तुला माहीत आहे, त्यामुळे शिरीषला वाटत असणार की मी त्याचीच री ओढणार. या वेळी नाही ओढणार.

शिरीष प्रवास मुंबईपासून मोजतोय, तिथे गोम आहे. तुमचा प्रवास धरमपेठेतल्या तुमच्या दारातून सुरू होतो. मुंबईहून विमान थेट असेल, पण तुम्हाला मुंबईत विमान बदलायचंच आहे. दोह्याला ती अदलाबदल विमान कंपनीची जबाबदारी असते, मुंबईत ती तुमची. नागपूर-मुंबई आणि मुंबई-झुरिक एकाच बुकिंगमध्ये मिळालं असतं तर गोष्ट वेगळी होती. पण शिरीषने पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये दोन वेगळी तिकिटं आहेत, दोन वेगळ्या कंपन्यांची.

मग काय होतं बघ. नागपूरच्या काउंटरवर देशांतर्गत नियम लागणार, म्हणजे माणशी १५ किलो. झुरिकच्या तिकिटावर २३ किलो लिहिलंय म्हणून तू तेवढं भरणार आणि सोनेगावला, नागपूरच्या विमानतळावरच, जास्तीच्या वजनाचे किलोमागे पैसे मोजणार. मुंबईत बॅगा पट्ट्यावरून उचलायच्या, पुन्हा चेक-इन करायच्या. नागपूरचं विमान टर्मिनल १ ला लागलं, तर सगळा लवाजमा घेऊन सहारला टर्मिनल २ गाठायचं, त्यासाठी गाड्या दोन लागणार. नवी मुंबईच्या विमानतळाचं ८ ऑक्टोबरला उद्घाटन झालंय. तिथली विमानं सुरू झाली की शिरीषला एखादं स्वस्त नागपूर-नवी मुंबई तिकीट दिसेल आणि तो हरखून जाईल. त्याला आत्ताच सांगून ठेव, उलव्याहून सहार म्हणजे खाडीपलीकडून येणं आहे, तेही संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये.

आणि नागपूरचं विमान तीन तास लेट झालं तर? झुरिकवाल्या कंपनीला त्याच्याशी काही देणंघेणं नाही. काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो. तोवर पोचला नाहीत की तुम्ही ‘नो शो’, आणि जातानाचं तिकीट वापरलं नाही म्हणून येतानाचंही बहुतेक वेळा आपोआप रद्द होतं. माझ्या मावसभावाचं हेच झालं. पहिलं विमान धुक्यात अडकलं, दुसरं त्याला न घेता गेलं, आणि दोन्ही काउंटरवरची मंडळी अगदी गोड हसून एकमेकांकडे बोट दाखवत राहिली. ऐन वेळी नवीन तिकिटं काढावी लागली तेव्हा वहिनी आठवडाभर त्याच्याशी बोलत नव्हती.

यावर उपाय एकच, आदल्या दिवशी मुंबईत जाऊन राहायचं. म्हणजे हॉटेलच्या दोन-तीन खोल्या, जेवणं, गाड्या. हे पैसे शिरीषने धरलेत का हिशेबात? धीरजभावजींच्या समृद्धी महामार्गाने गाडीतून मुंबई गाठायच्या बेताचं म्हणशील, तर रस्ता झकास आहे, ७०१ किलोमीटर, आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पाही जूनमध्ये खुला झाला. पण आमण्यानंतर भिवंडी आहे, ती कुणाला चुकली नाही. आठ तास इनोव्हात आणि त्यावर नऊ तास विमानात बसल्यावर काकांचे गुडघे काय म्हणतील ते भावजींनाच विचार.

खरी परीक्षा तर येताना आहे. जाताना सगळे उत्साहात असतात, काहीही चालून जातं. झुरिकहून थेट विमान मुंबईत रात्री उशिरा उतरतं. पेंगुळलेला कबीर खांद्यावर, इमिग्रेशनची रांग, बॅगा, कस्टम्स, आणि मग नागपूरचं पहिलं विमान कधी तर सकाळी. काकूंना विमानतळावरच्या लोखंडी खुर्चीवर रात्र काढायला लावणार का? दोहामार्गे आलात तर शिक्का सोनेगावला, बॅगा सोनेगावला. अपरात्री का होईना, पण उतरलात की पंधरा-वीस मिनिटांत घर. नागपूरचं विमान रोज नसतं, तेवढं मात्र बघावं लागेल. तारखा विमानाच्या वारांप्रमाणे ठरव आणि हॉटेलं नंतर घे.

आता दोह्याचं. आईला घेऊन मी आखातातून विमान बदललंय, त्यामुळे हे ऐकीव नाही. एकाच तिकिटावर प्रवास असला की नागपूरला बॅगेला जो टॅग लागतो त्यावर थेट झुरिकचं नाव असतं. काउंटरवर तो वाचून घे, ‘झेडआरएच’ अशी तीन अक्षरं असतात. पुढचे बोर्डिंग पासही तिथेच मिळतात. दोह्यात विमानतळाच्या बाहेर पडायचं नसल्यामुळे वेगळा व्हिसा लागत नाही. फक्त सुरक्षा तपासणी पुन्हा होते, म्हणून पाण्याच्या बाटल्या रिकाम्या ठेवायच्या.

दोन विमानांमध्ये किती वेळ ठेवायचा यावरून तुमच्यात वाद होणार. व्हीलचेअर आणि लहान मूल असलं की दोन ते तीन तास ठेव. तासाभराचं कनेक्शन वेबसाइट विकते, कारण कागदावर ते बसतं, पण विमान टर्मिनलपासून लांब कुठेतरी उभं राहिलं आणि बसने आणलं की त्यातला बराच वेळ तिथेच जातो. सहा-सात तासांचं स्वस्त पडत असेल तरी नको, त्यात वाचवलेले पैसे खाण्यापिण्यात जातात आणि माणसं एकमेकांवर वैतागतात. दोह्याच्या हमद विमानतळावर अगदी मधोमध एक प्रचंड पिवळं अस्वल बसवलंय, डोक्यात दिवा घुसवलेलं, सात मीटर उंचीचं. कबीर तिथून हलणार नाही. गंमत म्हणजे ते करणारा कलाकार, उर्स फिशर, झुरिकचाच. ओवीला सांग, शाळेत मिरवायला होईल.

व्हीलचेअर मात्र दोघांसाठीही तिकीट काढतानाच मागायची, “आम्ही चालतो हो” हे काकांचं ऐकू नकोस. त्याचे पैसे पडत नाहीत. चालता येतं पण लांब चालवत नाही, जिने चढता येतात, असं सांगितलंस की त्याप्रमाणे नोंद होते. आणि ही नोंद दोन्ही विमानांवर झाली आहे ना हे बघ. आमच्या आईला पहिल्या विमानाच्या दारातून एका मुलाने अलगद उचलून नेलं, तपासणीच्या रांगेतून पुढे काढलं आणि एका खास कोपऱ्यात नेऊन बसवलं, जिथे आणखी दहा-बारा आज्या बसलेल्या. तिथून तो गायब. मी घड्याळ बघून कासावीस, आणि आई शेजारच्या राजकोटच्या बाईंशी सुनांबद्दल बोलतेय, गळ्यात बोर्डिंग पासची प्लॅस्टिकची पिशवी. मी दोनदा काउंटरवर जाऊन विचारलं तेव्हा दुसरा माणूस आला. तेव्हा तुमच्यापैकी एकाने काका-काकूंना चिकटून राहायचं, दुकानं बघत फिरायचं नाही. हे मी शिरीषला उद्देशून लिहितेय.

शरीराचं बोलायचं तर दोन्हीकडे काही ना काही सोसावं लागतंच. चार तासांहून जास्त एका जागी बसून प्रवास केला की पायाच्या शिरांत गुठळी होण्याचा धोका वाढतो. निरोगी माणसात तो लहानच असतो, पण काकांच्या पायांवर शिरा फुगलेल्या आहेत म्हणून डॉक्टरांना विचारून पाय आवळून धरणारे खास मोजे घ्या. मधे उतरून चालणं झालं तर त्यांना बरंच आहे. कबीरचं उलट. विमान खाली येताना कान दुखतात आणि तुमच्या मार्गात ते दोनदा होणार. त्याला खाली उतरताना झोपू देऊ नकोस, चोखायला काहीतरी दे, आणि सर्दी असेल तर आधी डॉक्टरांना दाखव. झोपेचं मात्र शिरीषचं बरोबर आहे, ते मान्य करून टाक. मुंबईचं थेट विमान मध्यरात्र उलटल्यावर उठतं, माणूस जेवून झोपतो आणि स्वित्झर्लंडच्या सकाळी डोळे उघडतो. दोहामार्गे ही अखंड झोप मिळत नाही. म्हणून पहिल्या दिवशी कुठलाही डोंगर-बिंगर ठेवू नका, झुरिकच्या तळ्यात बोटीत बसा आणि लवकर झोपा.

शिरीष हट्टाने तिसरा पर्याय काढेल, फ्रँकफर्ट नाहीतर म्युनिकमार्गे. नको. युरोपात ज्या विमानतळावर पहिल्यांदा पाय ठेवता तिथेच शेंगेनचं, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटाचं, इमिग्रेशन होतं, म्हणजे घाईच्या कनेक्शनमध्येच मोठी रांग. शिवाय १२ ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने नवीन पद्धत सुरू झालीये, शिक्क्याऐवजी फोटो आणि बोटांचे ठसे घेतात. बारा वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत, पण मोठी चौघं त्यात सापडणारच. झुरिकला ही रांग लागली तर लागू दे, पुढे विमान पकडायचं नसतं. आणि लंडनमार्गे तर तिकीट फुकट मिळालं तरी घेऊ नका, आपल्या पासपोर्टवर तिथे नुसतं विमान बदलायलाही आधी ट्रान्झिट व्हिसा काढावा लागतो.

आखाताची भीती काका बोलून दाखवतील, आणि ती काही खोटी नाही. याच वर्षी २३ जूनला कतारने आपलं आकाश काही तास बंद केलं होतं आणि सगळी विमानं अडकली. असं पुन्हा झालं तर तुम्हाला पुढे पोचवणं कंपनीचं काम, पण एकच तिकीट असेल तरच. म्हणून तिकीट थेट कंपनीकडून काढ, दोन-चार हजार वाचतात म्हणून कुठल्यातरी अनोळखी संकेतस्थळावरून नको. अडचणीच्या वेळी कंपनी म्हणते एजंटला विचारा आणि एजंटचा फोन लागत नाही.

जेवणाचंही लिहून ठेवते, नाहीतर काकू उपाशी राहतील. बुकिंगमध्ये ‘हिंदू मील’ दिसतं ते निवडू नकोस, त्यात मांसाहार असतो. ‘एशियन व्हेजिटेरियन’ घे, दोन्ही विमानांसाठी वेगवेगळं, आणि निदान एक दिवस आधी. आणि काकू डब्यात अनारसे घालणार असतील तर त्यांना थांबव. खसखशीला आखातात बंदी आहे. नुसतं विमान बदलताना कोणी बॅग उघडत नाही हे खरं, पण विमान रद्द होऊन शहरात जायची वेळ आली तर कस्टम्सवाल्यांना अनारसा म्हणजे काय हे समजावत बसावं लागेल. शंकरपाळे न्या.

आमचं विचारशील तर आम्ही पुढच्या वर्षी गेलो तर मुंबईहून थेटच जाणार. आम्हाला पुण्याहून दारात गाडी येते, एक्स्प्रेसवेने सरळ सहार, वेळ हवा तेवढा हाताशी ठेवता येतो. हे शिरीषला सांगितलंस तर तो म्हणेल, बघ, ती स्वतः थेट जाते. त्याला नकाशा दाखव.

व्हिसाच्या अपॉइंटमेंटा मार्च-एप्रिलमध्ये मिळता मिळत नाहीत, तेव्हा जानेवारीतच हात घाला. तारखा पक्क्या झाल्या की तिकीट काढायच्या आधी मला पर्याय पाठव, पैसे भरल्यावर नको. आणि सगळ्यांचे पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालतात ना, ते आजच बघ. काकूंचा मागे नूतनीकरणाला टाकायचा राहिला होता.

काका-काकूंना नमस्कार, ओवी-कबीरला पापा.

तुझी,
प्राची