नाव बघून खरेदी बंद करा, घरची पोरं विकू नका

माननीय संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार. हे पत्र जून २०२५ चं, २०२४-२५ चा सीझन संपल्या संपल्या लिहिलेलं. जरा लांबलंय पण छापा, कारण आपल्या पेपरात परदेशी फुटबॉलच्या बातम्या आता रोज येतात, अमका इतक्या कोटींना आला, तमका गेला, पण त्यातनं टीम उभी राहणार की नाही यावर कोणी लिहीत नाही, आणि आम्ही जे रात्र रात्र जागून बघतो त्यांच्या जीवाचं काय होतं ते आम्हालाच माहीत.

मी कोल्हापूरचा, वय ४१. १९९९ मध्ये बार्सिलोनात युरोपातल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेच्या, चॅम्पियन्स लीगच्या फायनलला इंज्युरी टाइममध्ये आधी शेरिंगहॅम आणि मग सोल्शायरनं गोल मारले तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो, त्या रात्रीपासनं मँचेस्टर युनायटेड. आमचे मॅनेजर फर्ग्युसन साहेब २०१३ ला इंग्लंडच्या लीगचं विसावं टायटल देऊन रिटायर झाले आणि त्यानंतर लीग परत जिंकलेली मी बघितलेली नाही. यंदा लिव्हरपूलचीपण वीस झाली. हे लिहितानासुद्धा त्रास होतो.

आता २१ मेची रात्र सांगतो. मित्राच्या गोडाऊनवर एक खोली आहे तिथं आम्ही नऊ जण, बाहेर वळवाचा पाऊस, लाईट जाईल म्हणून इन्व्हर्टर संध्याकाळपासनंच चार्जिंगला लावलेला. स्पेनमधल्या बिल्बाओत युरोपा लीगची, म्हणजे चॅम्पियन्स लीगच्या खालच्या स्पर्धेची फायनल, आपल्याकडं रात्री साडेबाराला सुरू. समोर टॉटनहॅम. लीगमध्ये आम्ही सोळावे, ते सतरावे, म्हणजे दोन्ही बुडत्या टीम, पण जो जिंकेल तो चॅम्पियन्स लीगला जाणार म्हणून जीव तोडून बघत होतो. ४२ व्या मिनिटाला त्यांचा ब्रेनन जॉन्सन आणि आमचा ल्यूक शॉ यांच्या गर्दीत बॉल कुणाला लागला कळायच्या आत घरंगळत आमच्या गोलात गेला. दुसऱ्या हाफमध्ये आमच्या होयलुंडचं हेडर कीपरच्या डोक्यावरनं गोलात चाललेलं, आम्ही नऊच्या नऊ उभे, एकाच्या हातातला चहा सांडला, आणि त्यांच्या व्हॅन डे व्हेननं हवेत आडवं होऊन लाइनवरनं पायानं तो बॉल बाहेर काढला. खोलीत कोणी काही बोललंच नाही. अगदी शेवटी शॉचं हेडर कीपरनं अडवलं आणि संपलं, १-०. एका सीझनमध्ये टॉटनहॅमशी चार मॅच, चारही हरलो. लीगमध्ये शेवटी पंधरावा नंबर, ३८ मॅचमध्ये १८ पराभव, ४२ पॉइंट, आणि गोल फक्त ४४. १९७४ ला क्लब खालच्या डिव्हिजनमध्ये गेला होता, त्यानंतर एवढा वाईट सीझन झालेला नाही.

पण खरा राग मला दोन दिवसांनी आला.

२३ मेला इटलीत नेपोलीनं कालियारीला २-० हरवून लीग जिंकली. पहिला गोल स्कॉट मॅक्टोमिनेचा, हवेत आडवं होऊन मारलेली व्हॉली. दुसरा लुकाकूचा, तोपण एके काळी आमचाच. मॅक्टोमिनेनं लीगमध्ये १२ गोल मारले आणि इटलीच्या लीगचा त्या सीझनचा बेस्ट खेळाडू ठरला. हा पोरगा युनायटेडच्या अकॅडमीत पाच वर्षांचा असल्यापासनं होता. पाच वर्षांचा! आणि आम्ही त्याला २०२४ च्या ऑगस्टमध्ये अडीच कोटी पौंडांच्या आसपास विकून मोकळे झालो.

माझा पुतण्या अकरा वर्षांचा आहे. त्याच्याकडं ३९ नंबरची मॅक्टोमिनेची जर्सी आहे, मीच घेऊन दिलेली, धुऊन धुऊन मागचा ३ अर्धा निघालाय पण तो दुसरी घालत नाही. सकाळी मोबाईलवर त्याला तो गोल दाखवला तर चार-पाच वेळा बघितला आणि मला विचारतो, "काका, एवढा चांगला होता तर मग विकला कशाला?" मला उत्तर देता आलं नाही. पत्र लिहायला बसलो ते त्यामुळंच.

कारण एकटा मॅक्टोमिने नाही हो. १७ मेला क्रिस्टल पॅलेसनं मँचेस्टर सिटीला हरवून एफए कप जिंकला, त्या मॅचमध्ये पेनल्टी अडवणारा डीन हेंडरसन कुणाच्या अकॅडमीतला? युनायटेडच्या. १ एप्रिलला नॉटिंगहॅम फॉरेस्टकडनं १-० हरलो, पाचव्याच मिनिटाला स्वतःच्या हाफमधनं बॉल घेऊन सुसाट पळत जाऊन गोल मारणारा अँथनी इलांगा कुणाचा? युनायटेडचाच. २०२३ ला साधारण दीड कोटी पौंडात दिलेला, हेंडरसनपण त्याच उन्हाळ्यात जवळपास तेवढ्यालाच. तिघांचे मिळून झाले साडेपाच कोटी. आणि त्याच २०२३ च्या उन्हाळ्यात होयलुंड एकट्याला आणायला सहा कोटींच्या वर पौंड मोजले, त्यानं यंदा लीगमध्ये ४ गोल मारले. आमचा दुसरा फॉरवर्ड झिर्कझे, त्याचे ३. मी होयलुंडला दोष देत नाही, वीस वर्षांच्या पोराला आणून एवढ्या मोठ्या क्लबचं सगळं ओझं एकट्याच्या डोक्यावर द्यायचं, कोणी वाट दाखवायला नाही, बाजूनं बॉल येत नाही, तो तरी काय करणार. दोष आणणाऱ्यांचा.

आता हे का होतं तेपण सांगतो, कारण बऱ्याच जणांना वाटतं की क्लबवाले मूर्ख आहेत म्हणून विकतात. तसं नाही, हिशोबाची भानगड आहे. इंग्लंडच्या लीगचा, म्हणजे प्रीमियर लीगचा, या २०२४-२५ च्या सीझनला नियम असा की तीन वर्षांत मिळून १० कोटी ५० लाख पौंडांपेक्षा जास्त तोटा दाखवायचा नाही. समजा ६ कोटींना एक खेळाडू घेतला आणि पाच वर्षांचा करार केला, तर वहीत तो दरवर्षी १ कोटी २० लाख असा पडतो, गाडीच्या हप्त्यासारखा. दोन वर्षांनी विकायचा म्हटलं तर वहीत अजून ३ कोटी ६० लाख शिल्लक, तेवढ्याच्या वर गिऱ्हाईक मिळालं तरच नफा, नाहीतर तोटा. घरच्या अकॅडमीतल्या पोराची वहीत खरेदी किंमतच नाही, म्हणून तो विकला की आलेला सगळा पैसा नफा. म्हणजे बाहेरनं महागात आणलेला चालला नाही तर तो खपत नाही, आणि त्याचा खड्डा भरायला घरचं पोर विकायचं. शेत तोट्यात गेलं म्हणून घरची दुभती म्हैस बाजारात न्यायची, आणि पुढच्या वर्षी दूध विकत घ्यायचं, त्यातला प्रकार.

आणि हे खड्डे पाडले कुणी? पोग्बा २०१६ ला ८ कोटी ९० लाख पौंड, आधी आपल्याच अकॅडमीतनं फुकट जाऊ दिलेला. मॅग्वायर ८ कोटी. सांचो ७ कोटी ३० लाख. अँटनी ८ कोटींच्या वर. अँटनी जानेवारीत लोनवर, म्हणजे उसना, स्पेनच्या बेटिसला गेला आणि तिथं चांगला खेळायला लागला. सांचो लोनवर चेल्सीला, चेल्सीनं सीझन संपल्यावर ५० लाख पौंड दंड भरून त्याला परत पाठवला, म्हणजे ठेवून घेण्यापेक्षा दंड परवडला. कासेमिरो मोठा खेळाडू, त्याच्याबद्दल मला आदर आहे, पण तिशीत आलेल्या माणसाला ६ कोटी देऊन लांबचा करार कोण करतं? फान पर्सी तिशीच्या जवळ आला तेव्हा फर्ग्युसन साहेबांनीपण घेतला होता, २०१२ ला २ कोटी ४० लाखांना, पण तेव्हा बाकीची टीम तयार होती, एकच जागा भरायची होती आणि त्यानं २६ गोल मारून टायटल आणून दिलं.

दुसरं असं की २०१३ पासनं पक्के मॅनेजर सहा झाले, मधले हंगामी वेगळे. मोयेस, फान खाल, मोरिन्यो, सोल्शायर, टेन हाग, आणि हे लिहितोय तेव्हा अमोरिम. जो येतो तो आपल्या पद्धतीची माणसं मागतो, मिळेपर्यंत त्याची उचलबांगडी होते, आणि ती माणसं मात्र पाच पाच वर्षांच्या करारावर तिथंच. टेन हागला २०२४ च्या उन्हाळ्यात करार वाढवून दिला, त्याच्या जुन्या आयाक्समधली अजून दोन माणसं आणून दिली आणि ऑक्टोबरमध्ये काढलं. मग अमोरिम आला, तो ३-४-३ शिवाय, म्हणजे मागं तीन, मधे चार, पुढं तीन याशिवाय खेळत नाही, आणि टीममध्ये विंगबॅक, म्हणजे कडेनं बचाव आणि हल्ला दोन्ही करणारे, कुठायत? नुसते कडेनं हल्ला करणारे विंगर आहेत, त्यांना त्या फॉर्मेशनमध्ये जागाच नाही. गवंड्याला दोष देऊ नका, घराचा नकाशाच दर दोन वर्षांनी बदलतोय. आधी क्लबनं ठरवावं आपण कसं खेळणार, मग त्यात बसणारा मॅनेजर आणि मग खेळाडू. मालक सांगतात पैसे नाहीत, कर्मचारी कमी केले, त्यांचं फुकट जेवण बंद केलं, तिकीट सीझनच्या मध्येच ६६ पौंड केलं. अहो, कँटीनमधल्या माणसाचं ताट काढून अँटनीचे पैसे भरून निघणार आहेत का?

मग करायचं काय, तर माझं साधं म्हणणं आहे. कुन्याला वुल्व्हजकडनं ६ कोटी २५ लाखांना घेतलाय त्याला माझा विरोध नाही. लीग माहितीये, यंदा १५ गोल मारलेत, आम्हालाच डिसेंबरमध्ये डायरेक्ट कॉर्नरवरनं गोल मारलाय. ब्रेंटफर्डच्या म्बेउमोची बोलणी चालू आहेत, त्याचे २० गोल, तोपण ठीक. पण आता पुढचे पैसे अजून एका फॉरवर्डच्या नावावर उडवू नका. गोलकीपर बघा आधी. आमचा ओनाना युरोपा लीगमध्ये फ्रान्सच्या ल्यॉनविरुद्धच्या पहिल्या मॅचमध्ये काय खेळला ते सगळ्यांनी बघितलंय, दोन्ही गोल त्याच्या चुकीनं, आणि मागं भरवसा नसला की पुढचे सगळे डिफेंडर बिचकत खेळतात. आणि मिडफिल्डमध्ये पळणारा माणूस आणा, मोठं नाव नको, नव्वद मिनिटं पळून बॉल हिसकावणारा. कासेमिरो ३३ चा आहे, एरिक्सन चालला, कॅप्टन ब्रुनो बिचारा सगळीकडं पळतोय, सौदीच्या क्लबनं एवढे पैसे समोर ठेवले तरी तो नाही म्हणाला, त्याला पुढं मोकळं खेळू द्या.

आणि आमच्या अकॅडमीतल्या कोबी मेनूला हात लावू नका. कृपा करा. २०२४ च्या एफए कप फायनलमध्ये सिटीला २-१ हरवलं, ते दोन्ही गोल गार्नाचो आणि मेनूचे, दोघंही १९ वर्षांचे. जेमतेम वर्ष झालं आणि दोघांची नावं विकायच्या यादीत येतायत. गार्नाचोचं बिल्बाओनंतर बिनसलं, त्याचं मी समजू शकतो, पण मेनू? ल्यॉनविरुद्ध घरच्या मॅचला जादा वेळेत, १०९ व्या मिनिटाला २-४ मागं होतो, लोक स्टेडियममधनं उठून चालले होते, मग एक गोल फेडला आणि १२० व्या मिनिटाला बॉल पायात घेऊन एवढ्या गर्दीत शांतपणे कोपऱ्यात लावून ४-४ करणारा पोरगा तोच, मग मॅग्वायरच्या हेडरनं ५-४ झालं. असलं डोकं पैसे देऊन मिळत नाही.

कोणी म्हणेल अकॅडमीची पोरं सगळीच चांगली नसतात, इलांगा तेव्हा बेंचवर होता, हेंडरसनला खेळायचं होतं म्हणून गेला. बरोबर आहे. सगळ्यांना ठेवता येत नाही हे मलाही कळतं. पण ऑक्टोबर १९३७ पासनं युनायटेडची एकही मॅच अशी नाही की जिच्या टीममध्ये अकॅडमीचा एक तरी पोरगा नव्हता, चार हजारांच्या वर मॅच झाल्या. एवढं जपलेलं वहीतल्या नफ्यापायी घालवायचं?

आम्हा कोल्हापूरकरांना हे जास्त लागतं, कारण आम्ही तालमींचा फुटबॉल बघत वाढलोय. मी स्वतः एका तालमीच्या बी टीममधनं दोन सीझन खेळलोय. आपल्याकडंही बाहेरनं खेळाडू आणतात, नायजेरियाचेपण आले, चांगले खेळले, लोकांनी डोक्यावर घेतलं. पण शाहू स्टेडियमवर पेठेतला पोरगा बॉल घेऊन सुटला की गॅलरीचा आवाजच वेगळा येतो, कारण त्याची आई, त्याचे मास्तर, ज्याच्याकडं तो सायकलचं पंक्चर काढतो तो, सगळे तिथं बसलेले असतात. मँचेस्टरमध्येही माणसंच बसतात स्टेडियममध्ये, त्यांनाही मेनूनं गोल मारल्यावर तसंच होत असणार.

परवा पुतण्याला घेऊन जर्सीच्या दुकानात गेलो. ३९ नंबरची आता अंगात बसेना झालीय. त्याला नवी हवी आणि पाठीवर मेनू, ३७. दुकानदार मशीन गरम करायला लागला तर मी म्हटलं थांबा, जर्सी द्या, नाव-नंबर सप्टेंबरमध्ये येऊन टाकून घेतो, खेळाडू घ्यायची-विकायची मुदत, ती विंडो, एकदा बंद होऊ दे. पोरगं घरी येईपर्यंत माझ्याशी बोललं नाही.

आपला नियमित वाचक,
शिवाजी पेठ, कोल्हापूर
जून २०२५