अणुअंक इलेक्ट्रॉनांचा नव्हे!

मा. संपादक,

कालच्या विज्ञान पानावर चौकटीत, ठळक टाइपात, 'अणुअंक म्हणजे अणूतील इलेक्ट्रॉनांची संख्या' असं छापून आलं आहे. अहो, अणुअंक म्हणजे अणूच्या केंद्रकातल्या प्रोटॉनांची संख्या! रात्रीपर्यंत राग गेला नाही, म्हणून आज लिहितो आहे.

लेख एरवी वाचनीय होता, हे आधी सांगतो. पण मुलं लेख वाचत नाहीत, चौकट पाठ करतात. त्या चौकटीने काय होतं ते मी भोगलं आहे.

आठवीत की नववीत असताना चाचणीत एक तक्ता भरायला होता. सोडियम आयनासमोर, म्हणजे एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या सोडियमसमोर, तीन रकाने : प्रोटॉन, इलेक्ट्रॉन, अणुअंक. मी ११, १०, ११ असं लिहिलं. सरांनी शेवटच्या ११ वर लाल काट मारून शेजारी १० लिहिलं आणि गुण कापला. मी उत्तरपत्रिका घेऊन टेबलापाशी गेलो आणि म्हणालो, "सर, अणुअंक १० म्हणजे तो निऑन झाला. मग मिठात काय निऑन असतो?" वर्ग हसला. सर नाही हसले. "फार शहाणा झालास, जागेवर बस." बसलो. तो गुण आजतागायत मिळालेला नाही. कालची चौकट वाचली आणि ती लाल काट जशीच्या तशी डोळ्यांपुढे आली.

अणू उदासीन असताना प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन सारखेच असतात, तेव्हा आकडा जुळतो, हे मान्य. पण जुळतो म्हणून तीच व्याख्या? इलेक्ट्रॉन आज आहे, उद्या नाही. सोडियमने एक दिला, क्लोरिनने तो घेतला, तरी सोडियम ११ वा आणि क्लोरिन १७ वाच राहतो. आल्यागेल्या पाहुण्यांना धरून घराची शिरगणती करतात का? सोडियम आयन, मॅग्नेशियम आयन, फ्लोराइड आणि निऑन या चौघांकडेही इलेक्ट्रॉन दहाच. आपल्या चौकटीप्रमाणे चौघांनाही एकाच घरात कोंबावं लागेल. प्रोटॉनचं तसं नाही. तो बदलला की मूलद्रव्यच बदलतं. कार्बन-१४ च्या केंद्रकातल्या एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो, ६ चे ७ होतात आणि कार्बनचा नायट्रोजन होतो.

लेखात मेंडेलिव्हना अर्धा रकाना दिला आहे, आणि मोजलेचं नावसुद्धा नाही! मेंडेलिव्हनी १८६९ मध्ये मूलद्रव्यांची मांडणी केली ती अणुवस्तुमानावरून. त्या हिशेबाने निकेल कोबाल्टच्या आधी यायला हवा, कारण तो किंचित हलका आहे. गुणधर्म मात्र उलटं सांगत होते. १९१३ मध्ये हेन्री मोजलेने एकामागून एक मूलद्रव्यांचे क्ष-किरण तपासले. त्यांच्या वारंवारतेचं वर्गमूळ मूलद्रव्यागणिक सारख्या पायरीने चढत जातं, असं त्याला दिसलं. कोबाल्ट २७, निकेल २८. वाद मिटला. ती पायरी केंद्रकावरच्या धनप्रभाराची, म्हणजे प्रोटॉनांची होती, इलेक्ट्रॉनांच्या ये-जा करण्याची नव्हे. ४३, ६१ आणि ७५ या पायऱ्या रिकाम्या आहेत, हेही त्यानेच दाखवलं. पुढे तिन्ही भरल्या. तो स्वतः १९१५ च्या ऑगस्टमध्ये गॅलिपोलीच्या लढाईत मारला गेला. वय २७, कोबाल्टचा अंक. अशा माणसाला दोन ओळी द्यायला काय हरकत होती?

दुरुस्ती छापालच. ती आतल्या पानावर, निविदांच्या खाली, मुंगीच्या अक्षरात नको. चूक चौकटीत होती, दुरुस्तीही चौकटीत यावी.

आणि विषय निघालाच आहे तर आणखी एक. गेल्या खेपेच्या माझ्या पत्रात 'क्लोरिनमध्ये १७ प्रोटॉन आणि क्लोराइड झाल्यावर १८ इलेक्ट्रॉन' असं वाक्य होतं. आपल्याकडे कुणीतरी जागेसाठी 'क्लोराइड झाल्यावर' एवढेच शब्द उडवले. १७ प्रोटॉन आणि १८ इलेक्ट्रॉनांचा क्लोरिन माझ्या नावावर छापून आला. दोन ओळखीच्यांनी मुद्दाम फोन करून माझं अभिनंदन केलं. तेव्हा या पत्राला कात्री लावायचीच असेल तर खुशाल लावा, चाचणीची हकिगत काढली तरी चालेल. फक्त तक्त्यातल्या ११, १०, ११ ला हात लावू नका.

आपला,
एक जुना वाचक