आधी डेस्कटॉप ताब्यात घे

प्रिय समीर,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या सॉफ्टवेअरची बटणं स्वतः दाबून बघणाऱ्या टेस्ट रात्री आपोआप चालताना पडतात, म्हणजे फेल होतात, आणि सकाळी तू समोर बसलास की त्याच पास होतात, हे वाचून लगेच लिहायला घेतलं. स्लीपचे, म्हणजे टेस्टमधल्या ठरावीक थांब्याचे, सेकंद वाढवत बसू नकोस रे, त्यानं दुखणं झाकलं जातं. टेस्टच्या कोडआधी डेस्कटॉपकडे बघ.

टेस्ट पडली की त्याच क्षणी स्क्रीनशॉट निघेल अशी सोय कर. बहुधा त्यात लॉक स्क्रीन दिसेल, नाहीतर अपडेटची सूचना येऊन बसलेली आणि तुझं बटण तिच्याखाली. टेस्टसाठी वेगळा युजर कर. ग्नोममध्ये, म्हणजे लिनक्सच्या डेस्कटॉपमध्ये, त्याचं स्क्रीन लॉक, सूचनांचे बॅनर, अ‍ॅनिमेशन सगळं बंद. लुकलुकणारा कर्सरसुद्धा! चित्रं जुळवताना एका चित्रात तो असतो, दुसऱ्यात नसतो, आणि तेवढ्यावरून टेस्ट पडते. रिझोल्यूशन १९२०×१०८०, स्केलिंग १०० टक्के, सगळ्या मशीनवर सारखं.

वेलँडवर, म्हणजे लिनक्समध्ये खिडक्या पडद्यावर दाखवणाऱ्या नव्या व्यवस्थेवर, एका अ‍ॅपनं दुसऱ्याच्या खिडकीत क्लिक करायला रचनेतच मज्जाव आहे, त्यामुळे माणसाऐवजी क्लिक आणि टायपिंग करणाऱ्या एक्सडूटूलवर तिथे भिस्त ठेवू नकोस. मी तर एक्सव्हीएफबी हा आभासी डिस्प्लेच घेईन. त्याची स्क्रीन नुसती मेमरीत असते, मॉनिटर लागतच नाही. मात्र त्यात विंडो मॅनेजर, म्हणजे खिडक्या सांभाळणारा प्रोग्राम, आपला आपण लावावा लागतो. तो नसला की खिडकीला नीट फोकस मिळत नाही आणि टाइप केलेलं कुठेच उमटत नाही. ओपनबॉक्स पुरेसा आहे.

तुमचं सॉफ्टवेअर मराठीत आहे, म्हणून फाँटचं आवर्जून सांगतो. कोऱ्या कंटेनरमध्ये, म्हणजे टेस्ट चालवायच्या वेगळ्या बंदिस्त लिनक्समध्ये, देवनागरी फाँट सहसा नसतो. 'जतन करा'च्या जागी चौकोन येतात, बटणाची रुंदी बदलते, शेजारचं बटण सरकतं आणि क्लिक भलतीकडेच पडतं. नोटो सॅन्स देवनागरी टाक, त्याची आवृत्ती पक्की कर, लोकेलही, म्हणजे भाषा-प्रदेशाची सेटिंगही, ठरवून दे. त्याहून बरं म्हणजे पिक्सेल मोजणंच सोड. अ‍ॅक्सेसिबिलिटी, म्हणजे स्क्रीनवरच्या बटणांची नावं इतर प्रोग्रामना सांगणारी सोय, चालू करून डॉगटेल या टेस्टच्या टूलनं बटण नावानं शोध आणि ते दिसेपर्यंत थांब. अंदाजानं पाच सेकंद थांबण्यापेक्षा हे कितीतरी खात्रीचं.

विंडोजच्या मशीनवर रिमोट डेस्कटॉपची खिडकी बंद करून घरी जात असशील, तर तिथलं सेशन लॉक होतं, तेही तपास.

टेस्ट लिहायला तू जीव ओततोस, त्या अशा फुकट पडू नयेत असं फार वाटतं. या आठवड्यातले स्क्रीनशॉट पाठव, रविवारी फोनवर एकेक बघू. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
अभय