फडावरची मुलं तुमच्या माणसांना पाहून का लपतात?

मा. महिला व बालविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस

स. न. वि. वि.

दिवाळीच्या आगेमागे बीड, जालना, परभणीकडच्या ऊसतोड टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उतरतात. कारखान्याच्या तळावर कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, उभ्या राहतात. अशा तळावर सरकारी जीप शिरली की मोठी पोरं उसात पळतात आणि धाकट्यांना आया आत ओढतात. जीपमधली माणसं मुलांच्या भल्यासाठी आलेली असतात, हे मला ठाऊक आहे. त्या आयांना ते कोणी सांगितलं? जीप म्हणजे पोलीस आणि पोलीस म्हणजे पोरगं नेणार, एवढाच त्यांचा हिशोब.

आणि तो हिशोब अगदीच चुकीचा नाही. मूल ताब्यात घेतलं की चोवीस तासांत बाल कल्याण समितीपुढे, म्हणजे मुलाला कुठे ठेवायचं ते ठरवणाऱ्या समितीपुढे, हजर करायचं. समिती बसते जिल्ह्याच्या ठिकाणी. तिथं जायचं तर मजुरी बुडते, वर टोळी नेणाऱ्या मुकादमाचा खाडा, म्हणजे गैरहजेरीची कपात. मजुरांची एक जोडी, म्हणजे एक ‘कोयता’, म्हणजे नवरा-बायको दोघं, त्यातलं एक गेलं तरी काम अडतं. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात अंतिम आदेशासाठी चार महिन्यांची मुदत आहे. तोवर हंगाम संपत येतो. टोळी गावी परतते, मूल परक्या जिल्ह्यातल्या बालगृहात राहू शकतं. कलम ९५ नुसार त्याला राहत्या जिल्ह्याच्या समितीकडे सोपवता येतं, पण हे त्या बापाला कोपीत बसून कोण समजावणार?

काही मुलांना खरोखरच बाजूला काढावं लागतं, त्याबद्दल वाद नाही. पण संस्था हा शेवटचा उपाय, असं हाच कायदा म्हणतो. मूल घरातच वाढावं म्हणून तुमच्याच विभागाची बालसंगोपन योजना आहे, महिना २,२५० रुपयांची. विधवा ऊसतोड बाईला ती मिळायला हवी. त्यासाठी गृहभेट लागते, आणि हंगामात घराला कुलूप!

बालविवाहाचंही तसंच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, अठराच्या आत लग्न झालेल्या वीस ते चोवीस वर्षांच्या तरुणींचं प्रमाण राज्यात सुमारे २२ टक्के आणि बीडमध्ये ४३ टक्क्यांहून अधिक निघालं. वयात आलेली मुलगी तळावर न्यायची भीती, गावी एकटी ठेवायची भीती, आणि लग्न लावलं की एक नवा कोयता तयार. एखाद्या आईला हे लग्न नको असतं. पण १०९८ या बाल हेल्पलाइनवर फोन केला तर गुन्हा आपल्याच नवऱ्यावर पडेल, हे कळत असल्यामुळे ती गप्प बसते.

या बायका एकाच सरकारी माणसावर विसंबतात, गावच्या अंगणवाडी सेविकेवर. तिनं पोराचं वजन केलेलं असतं, खाऊ दिलेला असतो. ग्राम बाल संरक्षण समितीतही तीच असते. मग टोळी निघण्याआधी मुलांची नोंद तिनंच करावी (मानधन वाढवून, फुकट नव्हे) आणि ती नोंद कारखान्याच्या जिल्ह्यात पोचावी. हंगामभर तळावर बीड-परभणीकडचाच एक कार्यकर्ता असावा. त्यानं संध्याकाळी यावं, कारण पहाटे माणसं फडात जातात. मारहाण किंवा विक्रीचा संशय नसेल तर पोलीस सोबत नकोत. मूल न्यावंच लागलं, तर कुठे ठेवलं आणि कधी भेटता येईल याची चिठ्ठी त्याच वेळी आईच्या हातात द्यावी. सुनावणीच्या दिवसाची मजुरी शासनानं भरून द्यावी. बाल कल्याण समितीनंच महिन्यातून एकदा तळावर बसावं, हे तर सगळ्यात उत्तम.

कारखान्यांना गाळप परवाना साखर आयुक्त देतात. त्यात तळावरच्या या व्यवस्थेची अट घालायची, तर विषय मंत्रिमंडळात तुम्हालाच काढावा लागेल. तो दसऱ्याच्या बराच आधी काढावा, कारण मुकादमांची उचल (मजुरांना दिलेली आगाऊ रक्कम) त्याआधीच वाटून झालेली असते.

आपली,
साखरशाळेतली (ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी तळावर चालणाऱ्या शाळेतली) एक माजी शिक्षिका