सँडर घेताना आधी धुळीचा हिशेब करा

संपादक महोदय,

बाल्कनीत किंवा पार्किंगच्या कोपऱ्यात छोटी सुतारशाळा थाटणारे हौशी लोक आता शहरोशहरी दिसतात. सँडर, म्हणजे लाकूड घासून गुळगुळीत करणारे विजेचे यंत्र, घेताना मात्र बहुतेकांचा एकच प्रश्न असतो, ‘किती वॅटचा?’ विचारायला हवे ते वेगळेच आहे: ऑर्बिट (चकती डोलताना काढते त्या लहान वर्तुळाचा व्यास) किती मिलिमीटर, तळव्याला (घासकागद म्हणजे पेपर चिकटतो त्या चकतीला) धूळ ओढणारी भोके किती आणि धूळ बाहेर पडणाऱ्या तोंडाचा व्यास किती. विक्रेत्यांनी हे तीन आकडे किमतीशेजारी ठळक लिहावेत आणि आपल्यासारख्या दैनिकांनी खरेदीविषयक मजकुरात ते आवर्जून द्यावेत, यासाठी हे पत्र.

घरच्या कामाला १२५ मिलिमीटर चकतीचा रँडम ऑर्बिटल सँडर, म्हणजे चकती फिरता फिरता डोलणारा, पुरतो. ऑर्बिट २.५ मिलिमीटरच्या आसपास असेल तर पॉलिशआधीची घासाई सफाईदार होते. ५ मिलिमीटरचा झपाट्याने घासतो, पण खुणाही मोठ्या सोडतो. वेग कमी-जास्त करण्याची सोय हवीच. सरकत्या पट्ट्याने घासणारा बेल्ट सँडर पहिल्या खरेदीत नको. व्हेनिअर, म्हणजे प्लायवर चिकटवलेला लाकडाचा पातळ थर, बहुधा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच असते. पट्टा क्षणभर एका जागी थांबला की खालचे प्लाय उघडे पडते.

आता भोके. तळव्याला आठ आणि पेपरला पाच, किंवा दोन्हीकडे आठ पण पेपर तिरका चिकटलेला, की हवेची ओढ अडली. मग धूळ पेपर आणि लाकूड यांच्यामध्येच गरगरत राहते आणि पॉलिशचा पहिला हात मारताच शेवयांसारख्या बारीक वळ्या उमटतात. दोष दिला जातो पॉलिशला. यंत्र दाबून धरले तरी हेच होते, कारण चकतीचे फिरणे मंदावते. हाताचे वजन तेवढे राहू द्यावे आणि सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर इतक्याच गतीने सरकवावे. पेपर ८०, १२०, १८० नंबर असे चढवावेत, नंबर जितका मोठा तितका दाणा बारीक. ८० वरून थेट १८० वर गेल्यास खालचे ओरखडे निघता निघत नाहीत. प्रत्येक नंबरआधी फळीवर पेन्सिलीच्या आडव्यातिडव्या रेघा ओढाव्यात, त्या पुसल्या गेल्या की पुढचा नंबर.

धुळीचा मामला याहून गंभीर आहे. लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच नोंदवले आहे. धोका मुख्यतः नाक आणि सायनसच्या पोकळ्यांना. सँडरमागची कापडी पिशवी जाड भुसा धरते. फुप्फुसात खोल उतरणारी, दहा मायक्रॉनखालची धूळ तिच्यातून निसटते आणि तासन्‌तास हवेत तरंगते. छताचा पंखा लावणे म्हणजे ती पुन्हा उडवणे.

म्हणून पैसे ठरवताना व्हॅक्यूमचे आधी बाजूला काढावेत. घरातला झाडलोटीचा व्हॅक्यूम इथे टिकत नाही. बहुतेक घरगुती यंत्रांत मोटर ओढलेल्या हवेवरच थंड होते. बारीक धुळीने फिल्टर तुंबला की ती तापते आणि जळते. ओला-सुका व्हॅक्यूम, आत धूळ-पिशवी आणि अतिबारीक धूळ अडवणारा हेपा फिल्टर, अशी जोडी घ्यावी. मध्ये झाकणावर सायक्लोन (हवा गरगर फिरवून धूळ खाली पाडणारे नरसाळे) बसवलेली रंगाची २० लिटरची बादली ठेवली तर बरीचशी धूळ तिच्यातच पडते आणि फिल्टर वाचतो. बादली जाड हवी. पाइप तुंबताच पातळ बादली आत चेपते. चार इंची पाइपचा मोठा डस्ट कलेक्टर रंधा मशीनच्या ढलप्यांसाठी ठीक, सँडरच्या अरुंद तोंडातून ओढायला त्याचा दाब पुरत नाही.

नळी ३२ मिलिमीटरच्या आसपास आणि तीन-चार मीटरच असावी. तोंडे जुळली नाहीत तर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा दोन्हींवर चढवून क्लिप आवळावी, हवा गळत नाही. ओढ फार झाली तर तळवा लाकडाला चिकटून यंत्र उड्या मारते. तेव्हा ओढ कमी करणारी व्हॅक्यूमची हवा-खिडकी थोडी उघडावी. दोन्ही यंत्रांचे मिळून १५०० वॅट होतात, म्हणजे साडेसहा अँपिअर. ६ अँपिअरच्या सॉकेटवर एक्स्टेन्शन लावून चालवू नये, १६ अँपिअरचे वापरावे.

एवढे करूनही मास्क लागतोच, तोही एन-९५ किंवा एफएफपी-२. रुमालाने काही अडत नाही. काम संपल्यावर झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसावे. पॉलिश घासल्यावर धुळीने भरलेली पिशवी त्याच दिवशी घराबाहेर रिकामी करावी, त्या धुळीला आपोआप आग लागू शकते.

जुन्या वाड्यांची रंगवलेली दारे-खिडक्या मात्र सँडरखाली घेऊच नयेत. घरगुती रंगात विषारी शिसे ९० पीपीएमपेक्षा (दहा लाखांत ९० भागांपेक्षा) जास्त नको, हा आपल्याकडचा नियम २०१६ चा. त्याआधीच्या रंगात ते कितीही असू शकते. तो रंग वॉटर पेपरने ओला ठेवूनच काढावा, आणि त्या वेळी लहान मुले व गरोदर स्त्रिया घरात नसाव्यात.

आपला नम्र,
एक वाचक